डाव्या कप्प्याचा कान

तीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात होतो,
दिवाडी ते नार्वे, नार्वे ते दिवाडी.
वरच्यांना नदी दिसायची, मला डिझेल.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर,
मूठ कानाला,
डोळे मिटून सांगायचो :
तिसरा मिसिंग मारतोय.
कधी चुकलो नाही.
एकदा चुकलो. ते पुढे.

बांबोळीला डॉक्टर लवंदेबाईंनी
पडद्यावर माझं हृदय दाखवलं,
ओहोटीच्या चिखलासारखं करडं, आत काहीतरी वळवळणारं.
"हा डावा कप्पा. ताणून ताणून पिशवी झालीय.
लहानपणी सांधे सुजले होते?"
सुजले होते. आईने निर्गुंडीचा पाला शेकला,
सूज उतरली.
ताप तेवढा आत बिऱ्हाड करून राहिला,
चौपन्न वर्षं, भाडं न देता.

"आणि इथे कप्प्याला एक कान असतो."
"कान?"
"लहानसा. रक्त तिथे घुटमळतं.
त्यात गुठळी आहे."

जन्मभर दुसऱ्यांच्या छातीला कान लावला मी,
आणि माझ्या छातीला स्वतःचाच कान होता,
तुंबलेला.

ॲब्लेशन नको म्हणाल्या.
आत तार सारली आणि गुठळी सुटली
तर ती थेट मेंदूच्या धक्क्याला लागेल.
विरघळली तरी एवढ्या ताणलेल्या भिंतीवर
डागणी टिकायची नाही.
शॉकचंही नाव आत्ता नको.
मुलगा पुण्याहून आला होता, रात्रभर फोनवर वाचून.
म्हणाला, मग उरलं काय?

"लय जाऊ दे," बाई म्हणाल्या, "वेग धरू."

मुलाला पटलं नाही. मला लगेच कळलं.
आमच्या जुन्या बोटीचं इंजिन
दोनदा उघडून बसवलं तरी सरळ चाललं नाही.
मी फक्त त्याला धावू दिलं नाही.
स्कूटरी, बोणांची सुरमई, एकदा नवरी,
दोनदा शवपेटी,
सगळी पलीकडे पोचली.
ठोके सारखे पडतायत का,
कुणी उतरून विचारलं नाही.

आता सकाळी वेग आवरायची गोळी,
आणि अर्धी दुसरी, मोहरीपेक्षा जरा मोठी.
संध्याकाळी पियेदादच्या देवळाची घंटा झाली की वॉर्फरिन.
पंधरवड्याला रक्त. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा.
आषाढात चार दिवस तायकिळ्याची भाजी खाल्ली,
आकडा दीडवर आला.
सोडली, तर चारवर गेला,
दाढी करताना कापलं ते दुपारपर्यंत थांबेना,
पंचा धुऊन धुऊन गुलाबी.
बाई रागावल्या : पाला खा, पण रोज सारखाच खा.
कुंदा आता भाजी वाटीने मोजते
आणि कॅलेंडरवर, चतुर्थीच्या शेजारी, माझा आकडा लिहिते.
कायतान उर्राक घेऊन आला होता काजूच्या दिवसांत.
मी नुसता वास घेतला.
तो म्हणाला, वासाचे पैसे दे.

"आणि यानेही नाही जमलं तर?" मुलगा.
"तर पेसमेकर. वरच्या मजल्यावरून खाली येणारी वायर तोडून टाकायची.
वर कितीही गोंगाट होऊ दे, खाली ऐकू येणार नाही."
"म्हणजे मी मशीनवर?"
बाईंनी कागदावरून मान वर केली.
"इतकी वर्षं कशावर होतात?"

तर, चुकलो ते असं.
त्या वैशाखात रात्री दोनला जाग आली,
खोलीत काहीतरी बेतालपणे फडफडत होतं.
ऐकलं. नीट ऐकलं.
म्हटलं, टेबल फॅनचं बेअरिंग गेलं.
उठलो, अंधारात चाचपत तेल काढलं,
तीन थेंब घातले,
पुन्हा ऐकलं. तसंच.
आणखी दोन घातले.
कुंदाने मागून येऊन माझ्या छातीवर हात ठेवला,
बराच वेळ ठेवला,
आणि म्हणाली,
पंखा बंद आहे.
वीज मघाशीच गेलीय.